वहिनीच्या दोरीची गाठ

नव्या काथ्याच्या दोरीचा वास आला की मला बेळगावची ती सर्कशीची गाडी आठवते. दादा-वहिनी जत्रांतून खाजा विकत आणि दुकानामागे गोणपाटावर निजत. एक सर्कस आपली राहायची जुनी गाडी विकतेय असं कळलं, पण दादाला हंगाम सोडवेना, म्हणून पाहायला मी गेलो. पावसाळ्यात गाडी अंगणात आणता यावी म्हणून निघताना वहिनीने घराकडे येणाऱ्या आमच्या अरुंद पाणंदीची रुंदी दोरीवर घेऊन गाठ मारली. "गाडी गाठीच्या भायर गेली तर घेव नको हां, भावजी." गाडीत शिरलो आणि मी सगळं विसरलो. भिंतीत दुमडणारी खाट, स्टोव्हपुरता कोनाडा, दारामागे आरसा आणि खिडकीतून थेट हत्तीचा पाय. चाकांवरच्या घरात माणसं पाणी कुठे साठवतात, हेच मी विचारत बसलो. दोरी खिशातच राहिली. "मापलंस मां?" दादाने घरी विचारलं. "मापलंय," मी म्हणालो. पुढे ट्रकमागून ओढत आणलेली गाडी पाणंदीच्या दोन दगडी गडग्यांमध्ये वीतभरासाठी अडली. ती रस्त्यावरच राहिली, पावसात कुजली आणि दोघं गोणपाटावरच निजत राहिली. "माझीच गाठ चुकली आसतली," वहिनी म्हणाली. आता ती थकली आहे, पण साध्या पडद्याचं माप घेतानाही गाठ दोनदा तपासते आणि स्वतःलाच हसते. वहिनी, तुझी गाठ बरोबर होती. मी दोरी खिशातून काढलीच नव्हती.