लोखंडाच्या पावसाचं गाव

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणत्यात. मी घेते. नाथाजी. जलमभर दुसऱ्याचं सोनं गाळून माणूस गेला, आता त्येचं नाव बी झाकून ठेवू व्हय?

आमच्या विट्याकडची निम्मी गडीमाणसं गलाईला. कुणी पंजाबात, कुणी केरळात, सोनं गाळून शुद्ध करायची दुकानं. ह्येंचा चुलतभाव धैर्यशील, त्येचं दुकान लांब तमिळनाडूत. मालक त्यो, सोनं वितळवायच्या मुशीपुढं बसायचं ह्येंनी. आन् ॲसिडचा पिवळा धूर छातीत वढायचा बी ह्येंनीच.

तितली एक रीत सांगते. सांजंला कामगारानं अंग झाडायचं, केसं झाडायची, हातपाय टपात धुवायचं. त्यो कचरा, ते पाणी साठवून त्यातनं परत सोनं काढत्यात. अंगावरची कापडं जुनी झाली की तिथंच जाळायची, राखंत कण घावत्यात. म्हणून गावाकडं येताना ह्ये कायम नव्या सदऱ्यात. संसार केला म्या, पर नवऱ्याचा घामाचा सदरा धुवायला कवा घावला न्हाई.

छातीचा भाता निकामी झाला तसं धैर्यशीलनं ह्येंना रेल्वेत बसवून दिलं. संगं एक गोधडी. माझ्याच लुगड्यांची शिवून दिल्याली, तिच्यावरच दुकानात झोपायचं.

मग नाकाला नळी लावून पलंगावर. माया, आमची पोरगी, कालेजात शिकती. तिनं एकदा मोबाईलवरचं वाचून दावलं. आभाळात लय लांब एक ग्रह हाय, वास्प शहात्तर बी. त्येच्या एका अंगाला कायम दिवस, दुसऱ्या अंगाला कायम रात. दिवसाकडं इतकी आग की लोखंडाची वाफ हुती, आन् रातीकडं त्येचाच पाऊस पडत आसंल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज.

ह्ये उठूनच बसलं. "आयला, ही तर आभाळातली गलाई की!"

तवापासनं त्यो ग्रह आमच्यात ऱ्हायलाच आला. च्या झाला की सुरू. तितं म्हणं सोन्याचा बी पाऊस पडतोय. माणसं मुशीच्या मातीच्या छत्र्या घिऊन हिंडत्यात. पत्र्यावर थेंब वाजला की बाया घरातनंच वळखत्यात, ह्यो तांब्याचा, ह्यो चांदीचा. "आन् बरं का माया, तितं कुणी कुणाचं अंग झाडून घेत न्हाई. ज्येच्या अंगावर पडलं त्येचं."

माया हसून इचारायची, "पप्पा, आपलं घर कुठं?"

"मधल्या पट्ट्यात, जितं कायम सांज आसती. शेजारी धैर्यशीलचं. भाव हाय माझा. येणार हाय त्यो मला बगायला."

माझं डोस्कं फिरायचं. "आवं, त्यो कशाला मरायला येतोय? साधा फोन न्हाई त्येचा!"

"येईल गं. एकदा येऊन म्हणू दे, नाथा, माझ्यापायी झालं तुझं ह्ये. बास." एवढंच पायजे हुतं त्या माणसाला, दुसरं काय न्हाई.

आन् आला की! पांढरी गाडी दारात. ह्येंनी मला कंगवा मागितला, केसं सारखी केली. धैर्यशील खुर्चीवर टेकला, सफरचंदं ठिवली, "नाथा, काळजी घे" म्हणला. च्या पिला. नजर मातूर घरभर फिरतीया. मग म्हणला, "वैनी, ती गोधडी कुठाय? दुकानातली. गडबडीत ह्येच्यासंगं आली. तिच्यात माल हाय, सोन्याचं कण."

"धुतली की," म्या म्हणलं.

"धुतली?"

"व्हय. टेंभूच्या पाटाला, चांगली बडवून."

त्येचं तोंड घरचं कुणी गेल्यागत झालं. "गलाईवाल्याची बायकू तुमी, इतकं बी कळंना? वर्सानुवर्साचा माल पाण्यात घातला!"

कळत हुतं रं बाबा. पर नवऱ्याच्या घामाचा वास आसल्याली पहिली चीज घरात आल्याली. धुवायचं सोडून मला दुसरं सुचलंच न्हाई.

त्यो उठला आन् गेला. पलंगाकडं वळून बगितलं बी न्हाई. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं ऐकली हुती, ह्येनं तर मढं व्हायची बी वाट बगितली न्हाई. सफरचंदाची पिशवी म्या त्येच्या गाडीमागं भिरकावली.

आत आले तर ह्ये भिताडाकडं तोंड करून. दुसऱ्या दिवशी च्या झाला, पर ग्रह काय निघंना. मायाला ऱ्हावंना. "पप्पा, आज तितं कशाचा पाऊस?"

ह्ये म्हणलं, "तितं कुणी न्हाई, पोरी. माणूस ऱ्हाईल व्हय असल्या जागी? म्या आपलं उगंच सांगत हुतो."

त्येच्यानंतर ह्येंनी फार दिस काढलं न्हाईत. ती गोधडी म्या त्येंच्यासंगंच जाळायला दिली.

धैर्यशील मातीला न्हाई आला. राख सावडायला मातूर आला, पांढरी टोपी घालून. भावकी जमल्याली. समद्यांसंगं वाकून त्येनं राखंत हात घातला, रीतीपरमानं. उठून जायला लागला तशी मी आडवी आले.

"भावजी," म्या म्हणलं, "हात झाडून जावा."