वाडीत ऊन नाही

अर्थसंकल्पी अधिवेशन संपलं की आमच्या मतदारसंघात आमदारांची एक सभा होते. अधिवेशनात काय मांडलं, सरकारकडून काय मिळालं, वर्षभरात काय होणार, हे त्या सभेत मतदारांना सांगितलं जातं. मी मुंबईतल्या एका दैनिकासाठी विधिमंडळाचं वार्तांकन करत असे. अशी भाषणं पुरेशी ऐकून झाली होती आणि निवृत्तीनंतर आणखी ऐकायची इच्छा नव्हती. गेल्या वर्षी गेलो तो मोठ्या भावासाठी.

दादा आमची वाडी करतो. वसईच्या पश्चिमेला, वारा योग्य दिशेचा असेल तर समुद्र ऐकू येईल अशा ठिकाणी. मी नोकरीला गेलो, तो मागे राहिला. वाडीत माड आहेत, पोफळी आहेत, दक्षिणेच्या कडेला दोन रायवळ आंबे आणि एक फणस होता, आणि या सगळ्यांच्या खाली पानवेली. खाऊच्या पानाला थेट ऊन चालत नाही. वरून गाळून आलेला उजेड आणि मुळाशी कायमची ओल एवढंच त्याला हवं असतं. ओल बावखलातून मिळते. बावखल म्हणजे वाडीतलं खोदलेलं गोड्या पाण्याचं तळं. आमचं आजोबांच्याही आधीचं आहे. त्यावर वडिलांनी विजेचा पंप बसवला, तेव्हापासून उन्हाळा हा आमच्या घरात काळजीचा विषय राहिला नव्हता.

त्या सभेच्या आदल्या पावसाळ्यात वादळात एक झाड तारांवर पडलं आणि वाडीकडे येणारे तीन खांब आडवे झाले. आजूबाजूच्या वाड्या विकल्या गेल्या होत्या. तिथे आता लग्नाची लॉन आहेत आणि त्यांची वीज रस्त्याच्या बाजूने येते. पडलेल्या लाइनवर ग्राहक उरला होता तो एकटा दादा. पावसाळा संपल्यावर माणसं आली, तारा गुंडाळून घेऊन गेली. खांब उभे करायला कोणी आलं नाही.

दादा वीज कार्यालयात जात राहिला. शेवटी त्याला सांगण्यात आलं की जोडणी वडिलांच्या नावावर होती, वडील हयात नाहीत, तारा काढल्यामुळे ती कायमची बंद झाली आहे. नवीन घ्यावी लागेल. आणि शेतीपंपाला नवीन जोडणी आता फक्त सौर.

"तीन खांब," दादा म्हणाला. "जुन्याच खड्ड्यांत. खड्डे पन मी बुजवले नाय अजून."

"काका, खांब म्हणजे जुनं धोरण झालं," समोरचा म्हणाला. तो उद्धट नव्हता. त्याने दादाला बसायला खुर्ची दिली होती.

घर गावात आहे, वाडी लांब. घरची वीज तिथे नेता येत नाही. दादाने भाड्याने डिझेलचं इंजिन आणलं. त्याच्या धुराने जवळच्या वेलींची पानं काळवंडू लागली, म्हणून ते दूर ठेवायचं आणि लांब पाइप ओढायचा. साठीच्या पुढच्या माणसाचं ते काम नव्हतं. वहिनी दुसरं टोक धरायची. जमिनीचा एक दलाल दर पंधरा दिवसांनी सहज म्हणून डोकावून जायचा, आणि दादा त्याच्याशी सभ्यपणे बोलायचा, हे मला सगळ्यात वाईट लक्षण वाटलं. वेली एका उन्हाळ्यात गेल्या तर पुन्हा लावून पानं खुडायला यायला काही वर्षं जातात. दादाच्या वयात ती वर्षं कोणी गृहीत धरत नाही. वेली गेल्या की वाडी जाणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

मग तो आमदारांकडे गेला. मला न सांगता गेला, आणि आमदार खरोखर वाडीत आले. शहाळं प्यायले, बावखलाच्या काठावर उभे राहिले, योग्य ते प्रश्न विचारले. अधिवेशनात ऊर्जा विभागाच्या मागण्यांवर चर्चा झाली तेव्हा त्यांनी वसईच्या वाड्यांचा आणि शेतीपंपांचा उल्लेख केला. दादाला त्याची चित्रफीत फोनवर आली. त्याने ती मला दाखवली, मग वहिनीला, मग पुन्हा मला.

"आपली वाडी सभागृहात गेली," तो म्हणाला.

चित्रफितीत फक्त बोलणारा माणूस दिसत होता. त्या वेळी सभागृहात किती थोडे जण असतात हे मी वर्षानुवर्षं वरच्या पत्रकार कक्षातून पाहिलं आहे.

सभा एका हॉलमध्ये होती. खुर्च्यांना पांढरी कापडं, दाराशी पाण्याच्या बाटल्या, बाहेर जनरेटर तयार. ऊर्जेवरच्या भाषणासाठी जनरेटर आणून ठेवावा लागतो याचं कोणाला काही वाटलं नाही, मलाही ते दुसऱ्या दिवशी सुचलं. आमदार चांगलं बोलले. रस्त्यांसाठी तरतूद, नवं उपकेंद्र, किनाऱ्यालगतच्या भूमिगत वाहिन्या, अर्नाळ्याला मासळी सुकवण्याच्या जागेवर दिवे. कुठलं काम मंजूर झालं आहे आणि कुठल्याची नुसती मागणी केली आहे, हे ते न लपवता सांगत होते. असं सांगणारे कमी असतात. मग ते म्हणाले की वाड्यांच्या पंपांचा प्रश्न त्यांनी सभागृहात मांडला आणि मंत्र्यांनी उत्तरात प्राधान्याने सौर पंप देण्याचं मान्य केलं. टाळ्या पडल्या.

दादा उभा राहिला. एरवी तो आमच्या बोलीत बोलतो, सभेत पुस्तकी मराठीत.

"साहेब, आमच्या वाडीत ऊन नाही."

हॉल हसला. तो तसा वाईट हेतूने हसला नाही. एप्रिल होता, वर पंखे गरम हवा ढवळत होते आणि माणसं हातातल्या पत्रकांनी वारा घेत होती.

"काका," आमदार म्हणाले, "वसईत ऊन नाही म्हणणारे तुम्ही पहिलेच."

मागून कोणीतरी म्हणालं, "आमच्याकडे तुळिंजला या, पोतं भरून देतो. गच्चीवर पडून आहे."

आणखी हशा झाला. दादाही हसला, कारण उभ्या माणसाला दुसरं काही करता येत नाही. मग म्हणाला, "झाडं आहेत साहेब. सावली आहे म्हणून वेली आहेत. आम्हाला खांब हवेत. तीन."

आमदारांचा चेहरा गंभीर झाला. "तुमचं म्हणणं कळलं. पण धोरण राज्याचं आहे, एका वाडीसाठी बदलत नाही. मिळतंय ते घ्या. झाडांचं काय ते माझा माणूस बघेल."

माझ्याकडे न बघता दादा खाली बसला. "तू पेपरातला," तो हळूच म्हणाला. "तू विचार ना."

"मी आता पेपरात नाही."

"मग आलास कशाला?"

आम्ही बटाटेवडा खाऊन घरी आलो.

आमदारांचा माणूस म्हणजे त्यांचा स्वीय सहायक. चपळ, नम्र, सतत फोनवर. तो शब्दाला जागला. दिवाळीनंतर तो पंप बसवणाऱ्या एजन्सीच्या सर्वेक्षकाला घेऊन वाडीत आला. सर्वेक्षकाने फोनमध्ये बघून दक्षिण शोधली, मान वर करून आंब्याकडे पाहिलं आणि विचारलं, "ये सब आपका है?"

"आमचंच," दादा म्हणाला.

"तो फिर दिक्कत नहीं है."

पॅनेलवर दिवसभर सावली पडता कामा नये. दादाने घराच्या छपराचं विचारलं. छप्पर योजनेत बसत नव्हतं, पॅनेल जमिनीवर आणि पंपाजवळच हवं. लॉनच्या कडेची मोकळी जागा दुसऱ्याची होती. पश्चिमेला पोफळी काढाव्या लागल्या असत्या आणि पोफळींवरच वेली चढलेल्या. उरली दक्षिण. दोन आंबे, फणस आणि माडांची एक ओळ.

दादाने वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "मला काय विचारता? पाइप ओढायला मी आहे अजून." पण ओढताना तिच्या खांद्यातून कळ यायची हे आम्हाला माहीत होतं, आणि आम्हाला माहीत आहे हे तिलाही.

तिसऱ्या दिवशी दादाने अर्जावर सही केली.

घरावर झुकलेला एक माड तोडायची परवानगी त्याने पूर्वी मागितली होती. ती आली तोवर माड स्वतःच पडला होता. या वेळी परवानगी आठवड्यात आली. सहायकाने ती फोनवर पाठवली आणि खाली हात जोडलेलं चित्र टाकलं.

झाडं पाडली त्या दिवशी मी गेलो होतो. आंबे दोर लावून फांदी फांदीने उतरवले. फणसाला वेळ लागला. माड सोपे असतात. दुपारी वाडीच्या त्या भागात मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची सावली स्पष्ट पाहिली. कामगारांपैकी एक जण शर्टाने कपाळ पुसत म्हणाला, "आता मस्त मोकळं झालं, मालक." दादाने त्याला चहा दिला.

पंप चालू झाला तेव्हा पाणी जोरात आलं. इंजिनाचा आवाज नाही, धूर नाही, वीज गेली म्हणून थांबणं नाही. दादा बराच वेळ पाटाच्या कडेला उभा राहून पाणी वळवत होता. त्या दिवशी तो खूष होता, हेही लिहिलं पाहिजे. थंडीत पानंही चांगली आली. वहिनीने रचून बांधलेल्या करंड्या मी स्वतः उचलून टेम्पोत ठेवल्या. दलालाने येणं थांबवलं.

फेब्रुवारीच्या शेवटी दक्षिणेकडच्या वेलींची पानं कडेने पिवळी पडली. दादाने पाणी वाढवलं. पाण्याला आता तोटा नव्हता. मार्चमध्ये तीच पानं करपली, आणि उन्हाची सीमा वेलींमधून आत सरकू लागली. दादाने शेडनेट बांधायचं ठरवलं. उंच बांधलं तर तिरकं ऊन अडवायला ते पॅनेलच्या पुढपर्यंत न्यावं लागत होतं, मग सावली पॅनेलवर पडत होती आणि पंप धापा टाकत होता. खाली बांधलं तर वेली त्यात अडकत होत्या. काही दिवस तो सकाळी नेट लावायचा, पाण्याच्या वेळी काढायचा, पुन्हा लावायचा. वहिनी पुन्हा दुसऱ्या टोकाला. अर्धी वाडी त्या महिन्यात गेली. मुळाशी ओल होती आणि वर वेल वाळलेली, असं मी याआधी पाहिलं नव्हतं.

सहायक एकदा फोटो काढायला आला. त्याने वाळलेल्या भागाकडे पाहिलं आणि मनापासून म्हणाला, "काका, आता ऊन आलंय तर मिरची लावा. भाजीला भाव आहे."

"लावतो," दादा म्हणाला.

जाताना सहायक माझ्याकडे वळला. यंदाच्या सभेसाठी आमदारांच्या कामांची पुस्तिका निघत होती. "तुम्ही पत्रकार, एकदा नजर टाका. काही चुकीचं छापायला नको." फोनवर त्याने पान उघडलं. वर दादा आणि पॅनेल. खाली मजकूर. बंद पडलेल्या पंपाचा प्रश्न सभागृहात मांडला. शासनाने सौर पंप मंजूर केला. पंप कार्यान्वित झाला. शेतकऱ्याचा डिझेलचा त्रास संपला.

मी एकेक वाक्य तपासलं. ते माझं आयुष्यभराचं काम होतं. चारही वाक्यं खरी होती, क्रमही बरोबर होता. फोटो दक्षिणेकडे तोंड करून काढलेला, त्यामुळे वेली चौकटीत आल्याच नव्हत्या.

"वेलींचं एक वाक्य टाका," मी म्हणालो. "अर्ध्या वेली जळाल्या."

"तो ऊर्जा विभागाचा विषय नाही ना, सर," तो म्हणाला. "कृषीत येईल. कृषीचं पान गेलं छपाईला."

यंदाची सभा त्याच हॉलमध्ये झाली. आमदारांनी अर्थसंकल्पातल्या ऊर्जेच्या तरतुदी समजावून सांगितल्या आणि वाड्यांमधला पहिला सौर पंप घेणारा म्हणून दादाला मंचावर बोलावलं. तो जाणार नाही असं मला वाटलं होतं. तो गेला. खांद्यावर शाल घातली, हातात श्रीफळ दिलं. फोटोवाल्याने थांबवलं, तसा तो थांबला. माइक त्याच्यापुढे धरण्यात आला. गेल्या वर्षी हसलेले बरेच जण समोर होते.

"पंप चालू आहे," दादा म्हणाला. "पाणी भरपूर आहे. आभारी आहे."

खाली येऊन तो माझ्या शेजारी बसला. मी म्हणालो, "सांगायचं होतंस."

"काय सांगू? गेल्या वर्षी सांगितलं तर हसले. आता रडतील?"

रिक्षात तो नारळ मांडीवर धरून बसला होता. सवयीने त्याने तो कानाशी नेऊन हलवला, मग पुन्हा मांडीवर ठेवला. घरी वहिनीने शाल घडी करून कपाटात टाकली आणि नारळ उलटसुलट करून पाहिला.

"हा कुनाकडचा?"

"बाजारातला असेल," दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने तो फोडला आणि कालवणाला वाटण केलं. त्या घरात बाहेरच्या नारळाचं वाटण मी पहिल्यांदाच खाल्लं. चवीत फरक नव्हता. जेवताना दारात मोटरसायकल थांबली. दलाल होता. दादाने हात न धुताच त्याला आत ये म्हटलं, आणि वहिनीने त्याच्यासाठी पाट मांडला.