हवेलीच्या दारात काढलेले बूट

नोरामावशींनी मला परक्या मुलखात सांभाळलं, हे आधी सांगतो. आयर्लंडच्या या खेड्यात मी अळिंबीच्या शेडमध्ये राबतो. त्या माझ्या घरमालकीण. रविवारी त्यांनी मला गावाबाहेरची जुन्या जमीनदाराची पडकी हवेली दाखवली. छप्पर नाही, खिडक्यांतून आभाळ दिसतं, दिवाणखान्यात झाड उगवलंय. तरी दगडी उंबऱ्याशी येताच मी नकळत बूट-मोजे काढले, आणि आत पाऊल पडलं ते खाजकुइलीसारख्या झोंबऱ्या पाल्यावर. तळव्याची नुसती आग आग झाली.

“अरे वेड्या, बूट कुणासाठी काढलेस? कावळ्यांसाठी?” मावशी हसल्या. मग आग शमवणारं गवतातलं एक रुंद पान चुरगळून त्या खाली बसल्या, माझा पाय मांडीवर घेऊन चोळू लागल्या. आईपेक्षा वयानं थोर बाई माझ्या पायाला हात लावतेय! मला तोंड कुठं लपवू असं झालं.

“माझी आजी इथं मोलकरीण होती,” त्या म्हणाल्या. “नोकरमाणसं बागेतून दिसू नयेत म्हणून त्यांना ये-जा करायला भुयार होतं. या दारातून तिला कधी येऊ दिलं नाही.”

माझी आईही मला घेऊन बंगल्यावर भांडी घासायला मागच्या दारानंच जायची, चपला बाहेर काढून. माझी शाळा नववीत सुटली, पण ती वाट काही अंगातून सुटली नाही. इथले मालक गेले, छप्पर गेलं, तरी माझे हात आपसूक बुटांच्या नाड्यांकडे गेलेच. त्याची लाज तळव्यापेक्षा जास्त चुणचुणते.

एक दिवस मावशींना आमच्या घरी नेईन. पुढच्या दारानं, बुटांसकट. आणि तिथं वाकून त्यांच्या पाया पडेन.