रुईतलं गरम वरण

त्या वर्षी उमरावतीत कापूस कुठे नव्हता, तेवढंच विचारा. अमरावतीला आम्ही तेव्हा उमरावतीच म्हणायचो. रस्त्यावर कापूस, बाभळीच्या काट्यांना कापूस, म्हशींच्या शिंगांना अन् माणसांच्या मिशांना कापूस. तिकडे अमेरिकेत लढाई पेटली आहे म्हणून इकडच्या बोंडाला सोन्याचा भाव आला, असं दवाखान्यातले गोरे डॉक्टर साहेब सांगायचे. अमेरिका कुठे आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं, पण तिथले लोक असेच भांडत राहोत असं निम्मं गाव देवाला म्हणायचं. कल्हईवाला भाता टाकून कापसाच्या गाठी बांधायला गेला. न्हावी गेला. मला भारी चीड यायची या सगळ्याची. दाढी करायला माणूस मिळेना, ही काय सुबत्ता झाली?

मी सरकारी दवाखान्यात जखमा धुवायचो, पट्ट्या बांधायचो, अन् साहेबांचं मोडकंतोडकं हिंदुस्थानी लोकांना वऱ्हाडीत समजावून सांगायचो. एका जागी बसणं माझ्या कुंडलीतच नाही. बोलता बोलता उठायचं, चार पावलं टाकायची, पुन्हा यायचं. साहेब म्हणायचे, तुला खुर्ची दिली तर तीही पळून जाईल.

माझी मोठी बहीण, जिला मी बाईच म्हणायचो, रुईच्या आवाराजवळ, सरकी काढलेल्या कापसाचे ढीग अन् गाठी असायच्या तिथे, राहायची. मेहुणे बैलगाड्या घेऊन रुई पोचवायला जायचे ते महिनोन्महिने घरी नसत. मग हिने गाठी बांधणाऱ्या गड्यांना जेवण घालायचं काम धरलं. ज्वारीच्या भाकरी, तुरीचं वरण, ठेचा. बाईचं वरण म्हणजे वरण होतं. गडी आवाराच्या फाटकापासून वास घेत यायचे.

अडचण एकच होती. आवारात चूल पेटवायला बंदी होती, अन् ते बरोबरच होतं. एक ठिणगी पडली असती तर सगळं उमरावती धुरात गेलं असतं. पण गड्यांना दुपारी गरम हवं. आमच्याकडे गार झालं की ते शिळं, अन् शिळं म्हटलं की गडी ताट सरकवणार. पूर्वी बाई पहाटे उठून शिजवायची. गडी वाढले तसं पहाटेत आवरेना. मग तिने डोकं चालवलं. आदल्या संध्याकाळीच वरण शिजवायचं, हंड्याचं तोंड फडक्याने बांधायचं, अन् हंडा आवारातल्या रुईच्या ढिगात खोल पुरून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी काढला की हाताला उबदार लागायचा. गडी तर नाचायचेच बाकी राहिले. बाई मला म्हणाली होती, "रुई माणसाले ऊब देते, मग वरणाले काहून नाई देनार?" मला ते इतकं पटलं की मी दवाखान्यात चार जणांना सांगितलं.

मग उन्हं तापायला लागली अन् एका दुपारनंतर आवारातले गडी पटापट आडवे व्हायला लागले. पोटात कळा, ढाळ, ओकारी. लोक म्हणाले पटकी आली. मरीआईला नारळ फुटले. बहुतेक जण दोन-तीन दिवसांत उठले, पण एक उठला नाही. दर्यापूरकडचा तरणा पोरगा होता, नुकताच तापातून उठलेला, अंगात रक्त नाही. त्याच्या आईने गाडीवर प्रेत नेलं, तेव्हा मी फाटकाशी उभा होतो. ती रडत नव्हती, बैलांना हाकत होती.

संध्याकाळी फौजदार बाईच्या दारात. आदल्या आठवड्यात त्या पोराने वरण पातळ आहे म्हणून बाईशी तोंड वाजवलं होतं, बाईनेही पळी उगारली होती, अन् ते दहा जणांनी पाहिलं होतं. परसात विषारी धोतऱ्याचं झाड. झालं! तिच्या हातचं बोटं चाटून खाणारेच फौजदाराला सांगायला लागले की हिची नजर आधीपासूनच वाईट होती. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे मेले. बाईला ठाण्यात नेऊन बसवलं. खटला अकोल्याला मोठ्या साहेबापुढे चालणार, अन् विष घातल्याचं ठरलं तर फाशी किंवा काळं पाणी. हे फौजदार मला पान खात खात सांगत होता. मला त्याचं पान त्याच्या घशात कोंबावंसं वाटलं.

मी धावत साहेबांकडे गेलो. साहेबांनी माझं रडगाणं ऐकलंच नाही. टोपी घातली अन् निघाले. आजारी गड्यांच्या, बऱ्या गड्यांच्या, सगळ्यांच्या घरी आम्ही गेलो. प्रत्येकाला तेच विचारायचं. काय खाल्लं, कधी खाल्लं, कधी दुखायला लागलं. लोक वैतागले. पण हळूहळू काहीतरी उकलायला लागलं. शेजारच्या मोहल्ल्यातले मुसलमान गाडीवान त्याच आवारात राबायचे, त्यांचं जेवण वेगळं, त्यांच्यात एकही आजारी नाही. साहेब म्हणाले, हवा खराब असती तर त्यांनाही लागली असती. ज्यांनी नुसती भाकरी अन् ठेचा खाल्ला तेही ठणठणीत. म्हणजे वरणच. धोतऱ्याने माणूस बरळतो, डोळे विस्फारतात, तोंडाला कोरड पडते, तसं एकालाही झालं नव्हतं. फौजदार म्हणाला, धोतरा नसेल तर दुसरं काही घातलं असेल, विषाला काय तोटा?

अन् मग ती गोष्ट निघाली जिच्यामुळे माझी झोपच गेली. त्याच हंड्यातलं वरण आदल्या संध्याकाळी बाईने स्वतः खाल्लं होतं, तिच्या पोरींनी खाल्लं होतं, मीसुद्धा तिथेच जेवलो होतो. आम्हाला काही झालं नाही. फौजदाराने टाळीच वाजवली. म्हणजे आपला वाटा काढून घेतल्यावर तिने विष घातलं! साहेबांना मात्र वेगळंच सुचलं. मग त्यांनी मला विचारलं, संध्याकाळपासून दुपारपर्यंत हंडा कुठे होता?

मी सांगितलं, रुईत.

साहेबांनी दोन हंडे वरण करवलं. एक रुईत पुरला, दुसऱ्यातलं उथळ परातीत पसरून गार जागी ठेवलं. दुसऱ्या दिवशी दोन्ही ठाण्यामागच्या दोन कुत्र्यांना वेगवेगळं घातलं. कुत्र्यांनी दोन्ही चाटून पुसून खाल्लं अन् उन्हं कलेपर्यंत शेपट्या हलवत आणखी मागत राहिली. फौजदार हसून हसून बेजार. साहेबांचे कान लाल झाले. ते मला म्हणाले, कुत्रा उकिरड्यावर जगतो, त्याच्या पोटाचा दाखला माणसाला लागू होत नाही. पण हे फौजदाराला कोण पटवणार? परवा सकाळी अकोल्याची गाडी ठरली.

आता म्हणे भिंगातून बारीक जीव दिसतात, अन्नात उबेला वाढतात. असेलही. तेव्हा साहेबांनाही ठाऊक नव्हतं. ते एवढंच म्हणत होते की उबेत काहीतरी होतं, काय होतं ते मला माहीत नाही. त्या 'काहीतरी'वर माझ्या बहिणीची मान लटकली होती.

हे सगळं मी ठाण्यात जाऊन बाईला सांगितलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती. रुईचं ऐकल्यावर तिचा चेहरा एकदम उतरला. मग म्हणाली, "कुत्र्याले कायले चारता? मले चारा."

साहेब आधी तयार होईनात. कैद्याला असलं खायला घालणं कायद्यात बसत नाही म्हणाले. बाई म्हणाली की कैद्याला जेवू घालणं सरकारचंच काम आहे, मग हेच घाला. फौजदाराला यात त्याचा फायदा दिसला. हिला काहीच होणार नाही, अन् मग विषाशिवाय दुसरं काय उरतं? तो लगेच कबूल झाला. डाळ त्याच्या घरची, पाणी त्याच्या विहिरीचं, हंडाही त्याचाच. बाईने ठाण्याच्या अंगणात सगळ्यांदेखत वरण शिजवलं. फडक्याच्या गाठीवर फौजदाराने लाखेचा शिक्का मारला. हंडा रुईत गेला अन् ढिगावर शिपाई बसला.

दुसऱ्या दुपारी हंडा मीच काढला. शिक्का जसाच्या तसा. फडकं सोडलं तर कोमट वाफ आली. मी नाक खाली नेलं. सुरेख वास, जिऱ्याचा, लसणाचा. कुठे आंबटपणा नाही, बुरशी नाही, फेस नाही. वाईट वास आला असता तर तिला खाऊ न देता मी हंडा तिथेच लाथाडला असता. साहेब दोनच घास खा म्हणाले. बाईने वाडगा भरून घेतला, भाकरी चुरली अन् शांतपणे सगळं संपवलं. वाडग्यात पाणी घालून तेही प्याली.

मग वाट बघणं. देवा, वैऱ्यावर ती दुपार येऊ नये! मी ठाण्याच्या अंगणात फेऱ्या मारत होतो. विहिरीपर्यंत जायचो, परत यायचो, बाईचा चेहरा बघायचो. चेहरा चांगला दिसला की पुन्हा विहिरीकडे वळायचो. फौजदार खाटेवर पसरून मिशीला तेल लावत होता. बाई मला म्हणाली, "बस ना रे जरा. पायाले भिंगरी लागली का तुह्या?" मी बसलो अन् लगेच उठलो. उन्हं कलली. तिने पोरींच्या जेवणाचं विचारलं. मी सांगितलं. चेहरा तसाच, टवटवीत. मी विहिरीच्या काठाला हात टेकून डोळे मिटले अन् देवाला म्हणालो, हिला दुखू दे. माझ्या बहिणीला दुखू दे. ज्या बहिणीने मला कडेवर घेऊन वाढवलं, तिच्यासाठी मी हे मागत होतो, अन् मला दुसरं काही मागता येत नव्हतं.

दिवे लागले. फौजदार गाडीवानाला पहाटेची वेळ सांगत होता. तेवढ्यात बाईने पोटाशी हात नेला. पुन्हा नेला. मग ती वाकली, अन् वाकलेली असताना तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. हसत होती. मी साहेबांना हाका मारत धावलो.

रात्र अन् दुसरा दिवस तिने फार काढलं. पोटात पाणी राहीना, डोळे खोल गेले, मला वाटलं जिंकलो अन् हरलो. साहेब उशाशीच होते, मीठ-साखरेचं पाणी चमच्याने घालत. ती वाचली. साहेबांनी सगळं लिहून अकोल्याला पाठवलं. डाळ फौजदाराची, शिक्का फौजदाराचा, विष घालणार कोण? तिला सोडलं. फौजदार त्यानंतर मला रस्त्यात भेटला की दुसरीकडे बघायचा.

घरी आल्यावर मी तिला पेज पाजत होतो. त्या दुपारचं माझ्या जिभेवर आलं होतं. मी चमचा नुसताच पेजेत फिरवत होतो. तिने तो काढून घेतला.

"तू विहिरीपाशी काय मांगत होता ते मले समजलं," ती म्हणाली. "मी बी तेच मांगून राहिली होती."

मग मला वाटलं, संपलं. सुटलो. पण अंगात जरा बळ आल्याबरोबर बाई म्हणाली, गाडी जुंप, दर्यापूरकडे जायचं आहे. मी खूप भांडलो. म्हटलं, तुझं नाव धुऊन निघालं, आता आगीतून उठून फुफाट्यात कशाला जातेस? त्या पोराची माय तुझ्या तोंडावर थुंकेल. बाई म्हणाली की विष नव्हतं हे ठरलं, पण वरण तर माझंच होतं हेही ठरलं ना? मग मी बैलांवरच चिडलो.

गावाच्या कडेला घर होतं. पोराची म्हातारी माय दारात सरकी निवडत होती. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसली अन् सगळं सांगून टाकलं. रुई, हंडा, रात्रभरची ऊब, स्वतः खाल्लं तेही. माफी मागितली नाही. मागता येण्यासारखी ती गोष्ट नव्हती. मी दाराशी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा होतो.

म्हातारीचे हात थांबले होते. मग तिने विचारलं, "पोटभर जेवला होता का तो?"

बाई म्हणाली, "व्हय. दोनदा मांगून घेतलं."

"गरम होतं?"

बाईने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "गरम होतं, माय," ती म्हणाली.

म्हातारीने मान हलवली. सरकीचं सूप बाजूला ठेवलं, उठली, चूल पेटवली. आम्ही नको नको म्हणत असताना तिने पीठ मळलं अन् तव्यावर भाकरी टाकली. पहिली भाकरी फुगली तशी तिने ती बाईच्या हातावर ठेवली, अन् बाईने ती चटका बसत असतानाच खाल्ली.