उपासाचा रकाना

मी तालुक्याच्या शाळेत मास्तर होतो. शाळा उर्दूत चाले, घरी आम्ही मराठी बोलत असू. त्यामुळे दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांना माझा उपयोग होता. ते हैदराबादेत शिकलेले. रुग्णांची मराठी त्यांना निम्मीच कळे. शाळा सुटल्यावर मी तिथे दुभाष्याचं काम करी आणि त्यांची वही लिही.

ती वही फक्त धाप लागणाऱ्यांची होती. साहेब प्रत्येकाला विचारत, लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? पुष्कळजण हो म्हणत. तो ताप सांध्यांतून निघून जातो पण हृदयात खूण ठेवतो, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांना पडताळून पाहायचं होतं. माझ्या पत्नीला नवव्या वर्षी तसाच ताप आला होता. पाण्याची घागर आणताना ती वाटेत दोनदा बसू लागली, पायही सुजू लागले, तेव्हा तिचीही नोंद त्या वहीत गेली.

तपासणी आमच्या घरीच झाली. साहेब ओसरीवर बसले. मध्ये धोतराचा पडदा, त्याखालून रबरी नळी आत गेली. साहेब सांगत, मी मराठीत सांगे, आणि ती आपल्या हातानं नळीचं टोक छातीवर सरकवी. साहेबांनी बराच वेळ ऐकलं. मग हृदयासाठी डिजिटॅलिसच्या, दारूत काढलेल्या अर्काचे थेंब दिले. दिवसातून तीनदा, दहा-दहा. "नागा नको, एकही पाळी चुकता कामा नये," ते म्हणाले. मी आत तसंच सांगितलं.

महिनाभरात पायांची सूज ओसरली. घागर एका दमात घरी येऊ लागली. मग श्रावण लागला.

एका मंगळवारी सकाळपासून ती ओकत होती. दुपारी म्हणाली, "अहो, भिंतीला हळद कुनी फासली? समदं पिवळं दिसायलंय."

साहेब आले. नाडी फार सावकाश लागत होती. त्यांच्या सांगण्यावरून मी विचारलं, औषध जास्त घेतलंस का?

"जास्त कावून घेऊ? दारूचा वास येतो त्याला, उपासाला कसं चालंल? सोमवारी-शनवारी बाटलीला हात लावीत न्हाई. दुसऱ्या दिशी सकाळी भरून काढते. तुमीच म्हनलात, नागा नको."

जप चुकला, पोथीचा अध्याय राहिला, की तो दुसऱ्या दिवशी भरून काढायचा, ही आमच्याकडची रीत. तिनं औषधालाही तीच लावली. कालचे तीस आणि आजचे दहा, सकाळी एकदम चाळीस थेंब. तिचे उपास मला ठाऊक होते, औषधाचा वासही ठाऊक होता. दोन्ही मी कधी एकत्र आणून पाहिले नाहीत.

साहेबांनी औषध थांबवलं. आठवड्यात पिवळं दिसणं थांबलं, सूज मात्र परत आली. थेंब पुन्हा सुरू केले, पण आता ते तिच्या पोटात ठरेनात. नवरात्र बसायच्या आत ती गेली.

त्या चुकीनं गेली का, असं मी साहेबांना एकदा विचारलं. हृदयाची झडप आधीच खराब होती, ते म्हणाले; त्यापुढे सांगता येत नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

वहीत त्यांनी एक नवा रकाना आखला: उपास. रोजे धरणाऱ्यांसाठीही तोच. त्यातली पहिली नोंद मी तिची केली.

पुढे उमापूरची एक म्हातारी आली. माझा उपासाचा प्रश्न ऐकून धापा टाकीतच हसली. "मास्तर, दवा देनार हाव का सत्यनारायन सांगनार?"

"उपास कोणते, आजी?"

"सोमवार. आन शनवार."

त्या दिवशीचं औषध राहिलं तर राहू द्या, मी म्हणालो, दुसऱ्या दिवशी भरून काढू नका. तिनं मान डोलावली. मी ते तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.