उजवीकडची दोरी

सकाळपासून आभाळाने असं तोंड पाडलं होतं की दिवा लावल्याशिवाय न्हाणीघरात हात दिसेना. पट्टीकाका टबाच्या कडेला उकिडवे बसून दातांच्या डॉक्टरांचे पडदे घासत होते. खिडक्यांना लावतात ते ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे पडदे धुणं आणि दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. नावही त्यावरूनच पडलेलं. आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त विजेच्या बिलावर यायचं.

"अहो, निघा बाहेर! मला आंघोळ करायचीय," बायको दारावर थाप मारत ओरडली.

"आधी डॉक्टरांची होऊ दे."

"डॉक्टर गेला खड्ड्यात. आज रंगीत तालीम आहे माझी!"

काका पडदे तसेच पाण्यात सोडून उठले आणि बाईंनी कोपऱ्यात बादलीवर आंघोळ उरकली. या तालमीची गोष्टच तशी होती. हौशी नाटकमंडळात बाईंनी आजवर शेजारीण केली, मोलकरीण केली, एकदा तर पूर्ण दोन अंक झाड होऊन उभ्या राहिल्या. आता कुठे मुख्य भूमिका मिळाली होती: नवऱ्याच्या खुनाचा सूड घेणारी म्हातारी सामुराई. पण भाड्याने आणलेलं चिलखत त्यांच्या पोटावर मिटेना. दिग्दर्शकाने बजावलं, "रंगीत तालमीला नीट चिलखत घालून या. नाहीतर भूमिका माझ्या मेव्हणीला. तिला हे बसतं."

"तिला काय, हँगरलाही बसतं!" घरी येऊन बाई कडाडल्या आणि मग पदराआड गुपचूप रडल्या. ते काकांनी पाहिलं. त्याच दिवशी त्यांनी माळ्यावरच्या मोडक्या पट्ट्या खाली काढल्या.

पट्ट्या वीतभर कापल्या, कोपरे घासून गोल केले, भोकं पाडली आणि लाल दोरीने एकीखाली एक ओवल्या. खांद्यांना गाडीतली रबरी पायपुसणी लागली. शिरस्त्राणासाठी भाजी निथळायची चाळणी कामी आली. काम झकास झालं. फक्त ते घालून बाईंना बसता येईना.

"बसायचं राहू द्या," बाई म्हणाल्या. "संडासला कशी जाऊ? सूड घेईपर्यंत धरून ठेवू?"

प्रश्न रास्त होता. काकांनी मग आपली विद्या लढवली. कमरेखालच्या पट्ट्यांना पडद्यासारखी दोरी बसवली. ओढली की पट्ट्या सरसर वर, तिरकी ओढून सोडली की खाली. घरात तीनदा करून पाहिलं. बाई खूश, काका त्याहून खूश.

आज तालमीला बाई ते घालून उभ्या राहिल्या तेव्हा दिग्दर्शकसुद्धा पाहतच राहिला. समोर खुन्याच्या भूमिकेत गावचा पोस्टमन. डावखुऱ्या बाईंनी डोळे वटारले, डावा हात उजव्या कमरेच्या तलवारीवर घातला आणि खसकन उपसली.

पट्ट्या सरसरत वर गेल्या. खाली काकांचा निळ्या रेघांचा पायजमा, एका गुडघ्यावर ठिगळ.

पहिल्या रांगेत बसलेल्या काकांनी कपाळावर हात मारला. आयुष्यभर खिडक्यांना उजवीकडे दोरी बसवणाऱ्या हाताने बायकोलाही उजवीकडेच बसवली होती, नेमकी तलवारीच्या मुठीजवळ.

सगळं मंडळ खिदळायला लागलं. दिग्दर्शकाने कोपऱ्यातल्या भाड्याच्या चिलखताकडे पाहिलं. ते बाईंनी बरोबर टिपलं. पायजम्याची नाडी घट्ट आवळून त्या अशा गरजल्या की हसणाऱ्यांचं तोंड उघडंच राहिलं. त्या पुढे सरकल्या, पोस्टमन मागे सरकला, आणि पाहता पाहता रंगमंचावरून उडी मारून दाराबाहेर.

"अहो, पळताय काय? तुम्हाला मरायचंय!" दिग्दर्शक ओरडला.

"मरतो की!" पोस्टमन बाहेरून म्हणाला. "पण आधी त्यांना तिकडे तोंड करायला सांगा!"

दिग्दर्शकाने हनुवटी खाजवली. मग तो काकांकडे वळला. "भूमिका यांचीच. पण ती दोरी..."

"डावीकडे घेतो," काका घाईघाईने म्हणाले.

"आणि तो पायजमा?"

"तो राहणार," बाईंनी परस्पर निकाल दिला. "त्यात मला हवा लागते."

घरी येताच बाई टॉवेल घेऊन न्हाणीघरात शिरल्या आणि तशाच बाहेर आल्या.

"अहो, डॉक्टर अजून टबातच आहेत!"

काकांनी बाह्या वर सारल्या आणि उकिडवे बसून उरलेल्या पट्ट्या घासायला घेतल्या.