उसवलेलं पोलकं

ये गं, अशी जवळ बस. कागदावर का होईना, पण जवळ बस. लांबून बोलायची सवय लागलीय तुला, ती आधी मोड. आणि तोंड पाडू नको. रागावणार आहे मी, पण थोडंच. बहिणीची लेक आहेस, जास्त रागवायला जीव होत नाही.

परवा फोनवर म्हणालीस, "मावशी, डोंगराकडच्या पोरींना दोन शब्द सोसत नाहीत. त्या एकीला चूक दाखवली तर क्लास सोडून घरी बसली." मी तेव्हा शेंगा फोडत होते, फोडत राहिले. पण ते वाक्य दाढेत अडकल्यासारखं राहिलं दिवसभर.

जुन्नरच्या त्या खोलीत मी शिवणक्लास काढला तेव्हा तू फ्रॉकमध्ये होतीस. मी तरी कुठं शिकले होते? शिंप्याच्या दुकानासमोर उभं राहून बघायचं, घरी येऊन नवऱ्याच्या जुन्या शर्टावर कात्री चालवायची, बोलणी खायची, पुन्हा चालवायची. माझी चूक मला सांगायला कुणी नव्हतं. म्हणून दुसऱ्याची चूक कशी सांगायची, याची रीत मला माझी मीच बसवावी लागली. पोरीनं पोलकं शिवून आणलं की आधी ते उलटं करायचं. आतली शिवण बघायची. जी बरी असेल तिच्यावरून त्या पोरीचाच अंगठा फिरवायचा आणि म्हणायचं, ही अशी ठेव. मग चुकलेली शिवण उसवायची, पण तिला एकटीला नाही उसवू द्यायची. एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. उसवत उसवत मधे भेटायचो. तेवढ्यात काय चुकलं ते हळूच बोलून व्हायचं, शेजारच्या मशीनवरच्या पोरीलासुद्धा पत्ता लागायचा नाही.

पुढं डोळ्यांचं झालं, मी घोडेगावला लेकाकडे आले, आणि मशीनं, कात्र्या, गिऱ्हाइकं सगळं तुझ्या हवाली केलं.

तुझी रीत वेगळी. तू फोटो काढून पोलकं पोरीला परत देतेस, मग फोटोत चुकीवर लाल गोल काढतेस आणि क्लासच्या ग्रुपवर टाकतेस. एकीची चूक बघून बाकीच्या शिकतील म्हणतेस. हेतू वाईट नाही गं. पण तू वाढलीस आणे गावच्या पठारावर. तिथं बांधावर उभी राहा नाहीतर अंगणात, फोन वाजतो, आणि ज्याचा फोन त्याच्या हातात असतो. घाटघरला, त्या पोरीच्या गावी, तसं नाही. हे तुला कुणी सांगितलं नसेल, आणि तूही विचारलं नाहीस.

म्हणून मीच गेले. लेक म्हणाला, आई, गुडघे बघ आधी. गुडघे घेऊनच गेले. घोडेगावहून जुन्नर, जुन्नरहून दुसऱ्या एसटीनं वर. भातं कापणीला आलेली, लोक शेतात. वाटेवर एका म्हातारबाला पोरीचं घर विचारलं तर तो म्हणतो, "कोन, ती लाल गोलवाली व्हय?" आणि हसला. मला हसू आलं नाही. म्हटलं, इथवर पोचलं म्हणजे गोष्ट साधी नाही.

पोरीच्या आईनं पाणी दिलं, चहा ठेवला, आणि चुलीकडे तोंड करूनच सगळं सांगितलं. घरात फोन एकच, थोरल्या भावाचा. रेंज वर सड्यावर, त्या उघड्या कातळावर, घरात नाही. संध्याकाळी गावातले बाप्ये तिथं जमतात, आणि दिवसभराचे मेसेज एकदम येऊन पडतात. भावाला वाटलं बहिणीचा निकाल आला. कौतुकानं त्यानं फोन सगळ्यांपुढं धरला आणि तू लिहिलेलं मोठ्यानं वाचलं. मुंढा चुकला. टक्स खाली आले. पूर्ण परत करणे.

आता तू डोळे मिटून एवढंच बघ. पोलकं आईच्या मापाचं. आईनं स्वतःच्या लुगड्यातलं कापड दिलेलं. त्या पोलक्याच्या छातीवर, टक्सच्या चुण्यांवर, तुझे लाल गोल, आणि भोवती सगळे बाप्ये. कुणीतरी म्हणालं, "राव, तुज्या भनीला लई गोल मिळालं, आता दुकानच टाका." भाऊ वाईट नाही. पण चारचौघांत हसं झालेला माणूस घरी येऊन जे करतो तेच त्यानं केलं. बास झालं शिवण, म्हणाला. आणि पोरगी घरी बसलीच आहे म्हटल्यावर दिवाळीनंतर पाहुणे बघायला यायचं ठरलंय. क्लासची परीक्षा व्हायच्या आत. आई हे सांगताना चुलीतली लाकडं उगीच पुढं-मागं करत होती.

पोरगी शेतातून आली. विळा कुडाला अडकवला आणि उंबऱ्यावर बसली, अर्धी आत, अर्धी बाहेर. मी म्हटलं, पोलकं दाखव. ती उठली आणि एक गाठोडं आणून माझ्यापुढं ठेवलं. सोडलं तर काय, पोलकं नव्हतंच. बाह्या वेगळ्या, पाठ वेगळी, पुढचे भाग वेगळे. एक टाका ठेवला नव्हता तिनं. ओढून उसवताना एका बाहीचं कापडही फाटलेलं.

मी बाही हातात घेतली. तुझं खोटं नव्हतं. मुंढा चुकलेलाच होता, बाही बसते तिथली गोलाई कमी पडलेली, आणि मी तिला तसं सांगितलं. गोड बोलून शिवण सरळ होत नाही. म्हटलं, "मुंढा कमी कापलास. हात वर केला की आईला काचला असता. भाताचा भारा डोक्यावर घेता आला नसता."

"ठावं हाय," ती म्हणाली. "कापतानाच ध्येनात आलं व्हतं. सोमवारी बाईंना इचारणार व्हते."

मग मी गळ्याची पट्टी उचलली. माझ्या डोळ्यांना आता बारीक दिसत नाही, पण बोटांना कळतं. काढलेल्या टाक्यांची भोकं सगळ्या गोलाईवर एकसारखी, कुठं चुणी नाही, कुठं ओढ नाही. हे पहिल्या पोलक्याला जमत नाही गं. मला जमलं नव्हतं. तुलाही नाही, मी उसवलंय तुझं.

"हा गळा का उसवलास?" मी विचारलं.

"बरा व्हता का?"

"त्याच्यावर गोल नव्हता ना."

"गोल नव्हता," ती म्हणाली. "पन बरा हाय असं तरी कुटं लिवलं व्हतं? पूर्न परत करा, लिवलं व्हतं. उसवलं पूर्न."

मी सुई-दोरा मागितला. म्हटलं, चल, दोघी मिळून कच्चे टाके घालू, एका टोकानं तू, एका टोकानं मी. सुईत दोरा मला ओवता येईना. तिनं ओवून दिला. सुई माझ्या हातात दिली आणि आपले हात मांडीत घेऊन बसली. दुसरी सुई काही तिनं घेतली नाही. मी चार टाके घातले, वाकडेच गेले, मग मीही ठेवून दिलं. आईनं नाचणीची भाकरी वाढली. तिघींनी खाल्ली.

एसटीच्या वेळेला माझी पिशवी घेऊन ती माझ्याबरोबर आली. मी म्हटलं, येशील ना क्लासला? तर म्हणाली, "येते असं म्हनत न्हाई, मोठ्या बाई. दादाला काय सांगू?" गाडी दिसली तशी पिशवी माझ्या हातात दिली आणि खाली बघत म्हणाली, "बाईंना इचारा, गळा कसा झाला व्हता. पन फोनवर नगा सांगायला लावू."

बघ बाई, जिनं सगळं उसवून टाकलं तिला अजून तुझ्याच तोंडून ऐकायचंय. माझ्या तोंडचं तिला पुरलं नाही, ते बरोबरच आहे. तिची बाई तू आहेस. एवढा एक धागा राहिलाय. दिवाळी झाली, पाहुणे चहा पिऊन गेले, की तोही राहायचा नाही.

तेव्हा तो फोटो उघड आणि तुझे गोल सोडून बाकीचं पोलकं बघ. नीट बघ, बळंच कौतुक शोधू नको. ती लगेच ओळखेल. ग्रुपवर माफीबिफी टाकू नको, पुन्हा सड्यावर वाचली जाईल. तू गेलीस म्हणजे ती येईलच, असंही मी म्हणत नाही. भाऊ दारात उभा राहील, दोन शब्द तुलाही ऐकावे लागतील. ते कुडापाशी उभं राहून ऐक, मधे बोलू नको. त्या आईशीही आपल्याला काहीतरी बोलावं लागेल, काय ते मला अजून सुचलेलं नाही. मिळून सुचेल.

आधी इकडे घोडेगावला ये, मुक्कामाला. सकाळच्या गाडीनं दोघी जाऊ, माझ्या गुडघ्यांचं मी बघते. येताना मिठाई आणू नकोस, आईच्या त्या लुगड्याच्या रंगाचा दोरा आण, आणि बारीक सुया दोन. रविवारी ये. पुढच्या नाही, ह्याच.